भट्टी निवायला पाच दिवस

माझ्या ताईचे यजमान भट्टीखात्याचे मिस्त्री होते. मी त्यांना भावजी म्हणायचो, कारखाना मिस्त्री म्हणायचा, आणि बाकीच्या खात्यांनी त्यांच्या अख्ख्या टोळीला ‘निवांत मंडळ’ असं नाव ठेवलं होतं. ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. नाव ठेवणाऱ्यांपैकी एकालाही भाजणीच्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी अर्धा तास उभं केलं असतं, तर त्याची जीभ टाळूला चिकटली असती. पण दुसऱ्याला नावं ठेवायला काय लागतं? नुसतं बसल्या जागी तोंड उघडायचं.

आमच्या कारखान्यात विजेच्या खांबांवर असतात त्या चिनी मातीच्या तपकिरी बशा बनायच्या. तारेचं वजन त्या पेलतात आणि तारेतली वीज खांबात उतरू देत नाहीत. एक खातं माती मळायचं, दुसरं चाकावर आकार द्यायचं, तिसरं झिलई लावायचं, आणि शेवटी भट्टी. भट्टी म्हणजे एखाद्या खोलीएवढं विटांचं बांधकाम. तिला दार असं नव्हतंच. आत आठशे बशा रचून झाल्या की टोळीतला गवंडी विटा लावून तोंड चिणायचा, आणि माल काढायच्या वेळी त्याच विटा एकेक करून उतरवायचा. भरायला दोन दिवस, भाजायला तीन, निवायला पाच आणि काढायला एक. झाले अकरा.

हे अकरा दिवस भावजी तीस वर्षं जगत होते. आज वार कोणता म्हणून विचारलं तर त्यांना थांबून आठवावं लागायचं, पण आज निवण्याचा तिसरा दिवस आहे हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. कुणाकडे जायचं ठरलं की ताई आधी विचारायची, ‘भट्टी कुठवर आलीय?’ त्यांची टोळी सहा जणांची. त्यातला गवंडी सगळ्यांत जुना, भावजींच्याच वयाचा, दोघे एकाच महिन्यात कामाला लागलेले. दोघं भाऊ होते, ते माल रचण्यात इतके तरबेज की एकमेकांशी न बोलता दिवस काढायचे. बाकीचे तिघेही पंधरा-वीस वर्षं तिथेच मुरलेले. भावजींना मूलबाळ नव्हतं. ताई म्हणायची, सहा आहेत की, आणि सगळेच म्हातारे.

दुखणं होतं ते निवण्याच्या पाच दिवसांत. भट्टी बंद, आत माल कण्हत-कुंथत थंड होतोय, आणि बाहेर सहा माणसं उलट्या खोक्यांवर बसून चहा पिताहेत, असं ते बाहेरून दिसायचं. तशी ती माणसं रिकामी नसायची. फळ्या घासायच्या, फुटक्या विटा निवडायच्या, बर्नर साफ करायचे. पण ही कामं दोन दिवसांची. उरलेले तीन दिवस खरोखरच बसायचे, आणि बसणं हेच त्यांचं काम होतं. चाकावरचा माणूस दिवसाला चाळीस आकार काढून घाम पुसत कॅन्टीनमध्ये यायचा आणि विचारायचा, ‘काय मिस्त्री, अजून निवतेच आहे का?’ भावजी हसायचे. पण कान लाल झालेले मी पाहिले आहेत.

भट्टी कधी उघडायची याचा त्यांचा एक नियम होता, आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता. पाचव्या दिवशी गवंडी चिणलेल्या तोंडावर तळहात टेकायचा आणि शंभर आकडे मोजायचा. शंभरपर्यंत हात तिथेच राहिला तर पहिली वीट निघायची. नव्वदला हात उचलावा लागला तर सगळे पुन्हा खोक्यांवर जाऊन बसायचे. तापमापक होता, पण त्याच्यावर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता. तो भट्टीच्या एका कोपऱ्याचं सांगतो, असं भावजी म्हणायचे. गरम मालाला बाहेरची हवा एकदम लागली की बशीच्या आत केसासारखी चीर जाते, आणि वरून झिलई आरशासारखी चकचकीत राहते. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही.

कानाला मात्र कळतं. तेच माझं काम होतं. भट्टीतून आलेली प्रत्येक बशी टेबलावर घ्यायची, लाकडी हातोडीने टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगली बशी लांबवर वाजते. चीर गेलेली मध्येच गप्प होते. विजेवरची तपासणी शंभरांत एकीची व्हायची, टोला आठशेच्या आठशेंना.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मला आज म्हणावं लागतं आणि म्हणताना जड जातं. त्यांनी मोठ्या दालनात एक फळा लावला. प्रत्येक खात्याने आपलं उद्दिष्ट ठरवायचं, ते किती काळात गाठणार हेही ठरवायचं, आणि दर शनिवारी चार वाजता सगळ्यांसमोर आकडा सांगायचा. गाठलं तर हिरवी खूण, नाही गाठलं तर लाल. तीन महिन्यांत तीन लाल झाल्या की त्या खात्याची फेररचना. फेररचना म्हणजे काय ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं. शेजारच्या कारखान्यात ती झाली होती. माणसं इकडेतिकडे पांगवायची आणि काम कंत्राटदाराला द्यायचं.

प्रत्येक मिस्त्रीला एक कागद मिळाला. भावजींना लिहायचा कंटाळा, म्हणून ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी खात्याचं नाव लिहिलं, माणसं सहा लिहिली, उद्दिष्ट फुटतूट सोडून साडेसातशे बशा लिहिलं. पुढचा रकाना होता ‘कालावधी’.

“अकरा दिवस लिहू ना?” मी विचारलं.

भावजींनी उलट विचारलं, “बाकीच्यांनी काय लिहिलंय?”

कारकुनाच्या टेबलावर मी माती, चाक आणि झिलई या तिघांचे कागद पाहिले होते. तिघांनीही आठवडाच लिहिला होता. त्यांचं काम रोजचं, त्यांना आठवडाच बरोबर होता. मी तसं सांगितलं.

“मग आपण एकट्याने अकरा लिहायचे? आधीच बोलतात तेवढं पुरे नाही का?” ते म्हणाले. “सात लिही. बसवू कसं तरी.”

मी सात लिहिले. त्यांनी चष्मा न लावताच सही केली आणि स्वतः नेऊन दिला.

टोळीला मात्र त्यांनी सांगितलं की सात दिवस वरून आले आहेत. मी तिथेच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मी माझी हातोडी पुसत राहिलो. टोळीने साहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. भावजी त्यात सामील झाले नाहीत, एवढंच.

पहिला शनिवार. भट्टी भाजणीत होती. आकडा शून्य. दालनात ऐंशी माणसं उभी, आणि भावजींनी ‘शून्य’ म्हटल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, ‘निवू द्या हो त्यांना.’ हशा पिकला. लाल खूण. दुसऱ्या शनिवारी माल निघाला, हिरवी. तिसऱ्या शनिवारी पुन्हा शून्य, पुन्हा लाल. आता एकच लाल उरली होती, आणि तीन महिन्यांतले दोनाहून जास्त अजून जायचे होते.

त्या शनिवारी टोळी खोक्यांवर येऊन बसली. गवंडी म्हणाला, साहेबाला एकदा इथे आणून उभा करू, हात लावू दे त्याला भिंतीला, मग कळेल. भावजी म्हणाले, वरून आलेलं बदलत नाही. मी त्यांना वाटेत गाठून सांगितलं की अजून काही बिघडलेलं नाही, जाऊन सांगा की चूक झाली, अकरा करून घ्या. ते म्हणाले, “सही करून महिना नाही झाला, आणि जमत नाही म्हणून सांगायला जाऊ? मग लोक म्हणतात तेच खरं ठरेल.” मला तेव्हा त्यांचा राग आला. घरी येऊन ताईलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, ते सहा जण पांगले तर हे माणूस म्हणून उरायचे नाहीत, त्यांना जे करायचं ते करू दे.

मग त्यांनी सात दिवस बसवले. दोन दिवसांची भरणी एका दिवसात, जेवायलाही न थांबता. भाजणीला हात लावता येत नाही, ती तीनच. काढणी अर्ध्या दिवसात. उरले अडीच दिवस, ते निवायला.

पहिल्या खेपेला गवंड्याने हात टेकला आणि तीसला उचलला. “भिंत अजून चटका देतेय, मिस्त्री,” तो म्हणाला. भावजींनी त्याला वरच्या दोन विटा काढायला सांगितल्या, नुसती वाफ जाऊ दे म्हणून. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या दहा. संध्याकाळी माल माझ्या टेबलावर आला. मी टोले देत गेलो. आठशेत अकरा गप्प झाल्या. एरवी दोन-तीन निघायच्या. भावजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. शनिवारी हिरवी खूण झाली, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. चाकवाल्यांनाही वाजवाव्या लागल्या. त्या दिवशी भावजी घरी आले ते अगदी तरुण होऊन आले. ताईला म्हणाले, तीस वर्षं उगीचच बसलो की काय आम्ही.

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. ते स्वतःच्याच मनाला पटवत होते, आणि पटलं.

पुढच्या खेपेला गवंडी वीसला हात उचलायचा. मग दहाला. मग कातडी हातमोजे आले आणि हात टेकून मोजायचं बंदच झालं. गप्प होणाऱ्या बशा अकराच्या वीस झाल्या, वीसच्या चाळीस. एका शुक्रवारी मी साठ बाजूला काढल्या. शनिवारचा आकडा भरेना. भावजी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही की या घे आणि त्या सोड, हे मी शपथेवर सांगेन. ते फक्त उभे राहिले, हात मागे बांधून, आणि त्यांचे डोळे लाल होते, धुराने असतील. मी बाजूला काढलेल्यांतल्या काही पुन्हा घेतल्या आणि पुन्हा टोला दिला. काहीतरी वाजल्यासारखं वाटलं. ज्याला कानाडोळा म्हणतात तो मी त्या दिवशी अक्षरशः केला, आणि कानांनीच केला. साठांतल्या बेचाळीस पास झाल्या. नंतर मला तेवढा विचारही करावा लागला नाही.

पाच महिने सगळं हिरवं होतं. सगळ्यांत जास्त हिरव्या खुणा भट्टीखात्याच्या. निवांत मंडळ म्हणायचं लोकांनी सोडून दिलं. टोळी मात्र बदलली. खोकी तशीच पडून असायची, बसायला वेळ कुणाला होता? दोघा भावांपैकी थोरला सारखा खोकायचा. गवंडी कमी बोलायला लागला.

मग थंडी पडली, आणि एका सकाळी गावाबाहेरच्या वळणावर एक वायरमन खांबावर चढलेला असताना त्याच्या डोक्यावरची बशी दुभंगली. ताणलेली तार सुटली आणि त्याला घेऊन खाली आली. वय सव्वीस. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं.

प्रत्येक बशीच्या बुडाशी शिक्का असतो, भट्टी कोणती आणि उघडली कधी याचा. शिक्का आमचा होता. त्याच खेपेतल्या, गोदामात उरलेल्या शंभर बशा फोडून पाहिल्या. अडतीस आतून चिरलेल्या होत्या. आणि मी त्या सगळ्यांना टोला दिलेला होता.

भावजी त्या वायरमनला बघायला दवाखान्यात गेले. मी बरोबर होतो. नको म्हटलं होतं मी, पण ते ऐकेनात. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. तिला वाटलं आम्ही त्याच्या ऑफिसातले. तिने सरकून जागा दिली आणि सांगत बसली, की डॉक्टरांनी आधी तीन आठवडे म्हटलं, मग तीन महिने म्हटलं, आणि आता विचारलं तर काहीच आकडा सांगत नाहीत. तिने भावजींना विचारलं, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला काय वाटतं, किती दिवस लागतील? भावजींनी तिचा हात धरला, आणि तिला वाटलं हा कुणीतरी फार मायेचा माणूस आहे. आम्ही कोण ते आम्ही तिला सांगितलंच नाही. आत न जाताच परत फिरलो. असा भेकडपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. मलाही बोलावलं होतं. साहेबांसमोर तो कागद होता, माझ्या अक्षरातला. त्यांनी शांतपणे विचारलं की भट्टीला खरे दिवस किती लागतात.

“अकरा,” भावजी म्हणाले.

“मग हे सात कुठून आले?”

साहेबांनी कागद आमच्याकडे फिरवला. “हा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला होता. कोणत्या कामाला किती काळ लागतो ते मला कळत नाही म्हणून. तुमच्यानंतर गोदामाने कागद दिला, त्यांनी महिना लिहिलाय. मी सही केली. तुम्ही अकरा लिहिले असते, पंधरा लिहिले असते, तरी केली असती. फळ्यावर तुमची खूण पंधरा दिवसांनी झाली असती, एवढाच फरक.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. भावजींचा चेहरा मी बाजूने पाहत होतो. तीस वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक रापलेपणा येतो, तो जागच्या जागी राखाडी झाला. मीही मनातल्या मनात साहेबांना सांगत होतो की एकदा, फक्त एकदा तुम्ही खाली येऊन भट्टी बघायची होती. पण ते बोलायचं तोंड मला कुठे होतं?

भावजींना निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांना घरी बसवलं. मला टेबलावरून काढून गोदामात टाकलं. टोळी पांगली. दोघा भावांना वेगवेगळ्या खात्यांत घातलं, तिघांना गाड्या भरायला लावलं, गवंड्याला आवाराची भिंत बांधायला दिली. भट्टी कंत्राटदाराकडे गेली. फळ्यावर आता तिच्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, कालावधी अकरा दिवस.

शेवटच्या दिवशी भावजींनी टोळीला भट्टीपाशी बोलावलं. भट्टी रिकामी होती, तोंड उघडं, आत नुसता अंधार. टोळी साहेबाला शिव्या घालत होती, मिस्त्रीचा बळी दिला म्हणून. भावजींनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की सात दिवस वरून आले नव्हते, मी स्वतः लिहिले होते. कुणी हसेल म्हणून लिहिले. एवढंच बोलले. माफ करा वगैरे त्यांना म्हणता आलं नाही.

मग गवंडी म्हणाला, “आम्हाला एकदा विचारायचं होतंस. सहा जण होतो आम्ही.”

तो गेला. पाठोपाठ बाकीचे गेले. थोरला भाऊ जाताना थबकला, काही बोलेल असं वाटलं, पण त्याला खोकला आला आणि तोही गेला. आज चार वर्षं झाली, त्यांतला एकही भावजींच्या दारात आलेला नाही. भावजींनीही कुणाकडे जायचं नाव काढलं नाही. ताई म्हणाली होती ते खरं झालं. ते जेवतात, झोपतात, विचारलं तर उत्तर देतात. वार मात्र आता त्यांना बरोबर आठवतो.

या प्रकरणावर ते माझ्याशी एकदाच बोलले. मी असाच दुपारी गेलो होतो. ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. आम्ही दोघे खिडकीपाशी बसलो होतो, आणि ते मध्येच म्हणाले, “तू विचारलं होतंस, अकरा लिहू ना म्हणून.”

मी हो म्हणालो.

“विचारलंस कशाला? मी कुठे वाचणार होतो? लिहून टाकायचे होतेस.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. आतून घड्या घालण्याचा आवाज थांबला, म्हणजे ताईही ऐकत होती. मी बाहेर बघत राहिलो. सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मलाही सातच बरे वाटले होते.